दोन टिंबांची भुतं

आमच्या घरी भुतं दुपारी दोनच्या सुमाराला यायची. माझी शाळा सकाळची, आई कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला, आणि दादा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर. त्यांची दिवसपाळी असली की पाचचा भोंगा होईपर्यंत ते काही उंबऱ्यात दिसायचे नाहीत. म्हणजे जेवणं उरकल्यापासून भोंग्यापर्यंत श्रीरामपूरच्या त्या चाळीतल्या दोन खोल्यांत मी आणि सोजरआत्या, दोघीच. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, बैल माना हलवायचे तसे घुंगरांचे आवाज यायचे, स्टेशनातून मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटल्याचा दणका यायचा, आणि सगळ्यावर मळीचा तो आंबूस गोड वास. अशा वातावरणात कोकणातल्या हवेलीचा जिना करकरायला लागायचा. मी वाचत असे. आत्या समोर ताट घेऊन हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या वळत असे. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकणारी अशी की तिच्या हातांकडे बघून मला कळायचं गोष्ट कशी चालली आहे. गोष्ट सरळ चालली असली की शेंगोळ्या भराभर पडायच्या. जिन्यावर पाऊल वाजलं की तळव्यातलं पीठ तिथंच थांबायचं.

आत्या दादांची थोरली बहीण. ती आमच्याकडे कशी आली ते घरात बोललं जात नसे. मला ते आईनं एकदा, कापसाचे तंतू केसांतून काढता काढता, हलक्या आवाजात सांगितलं होतं. आत्याचं सासर खर्ड्याच्या पलीकडचं. नवरा विहिरीच्या कामावर अपघातात वारला. पुढे जावेचं आठ महिन्यांचं पोर हगवणीनं गेलं, आणि आदल्या दिवशी ते आत्याच्या मांडीवर होतं. एका भगतानं बोट दाखवलं. मग हिच्या हातचं पाणी कुणी घेईना, हिला गोठ्यात निजवलं, आणि जो शब्द बाईला लावायचा तो लावला. दादा एक दिवस रजा टाकून गेले आणि बहिणीला घेऊन आले. "तो शब्द घरात काडायचा न्हाई," आई म्हणाली. "वन्सं समोर असू दे नायतर नसू दे."

शब्द काढायचा नाही याला आणखी एक कारण होतं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून कोल्हारच्या पुलावरून प्रवरेत सोडले होते. दादा तेव्हा लहान होते, पण टाक पाण्यात पडल्याचा आवाज आठवतो असं ते सांगायचे. त्यांच्या लेखी ते घराण्याचं दुसऱ्यांदा जन्माला येणं होतं. भूत नाही, भगत नाही, अंगात येणं नाही. शेजारची एखादी बाई लिंबू-मिरची बोलायला लागली तरी दादा उठून बाहेर जायचे. अशा माणसाच्या घरात मी रोज दुपारी हडळी आणून बसवत होते. चोरी म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं, आणि तरी मी थांबत नव्हते.

पुस्तकं यायची स्टेशनजवळच्या जॉनकाकांच्या दुकानातून. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि मागच्या फळ्यांवर भाड्यानं द्यायच्या कादंबऱ्या ठेवायचे. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर शिसपेन्सिलीनं एक शब्द: 'प्रेम', 'भय', 'अद्भुत'. काहींवर 'भय व प्रेम'. मी पहिल्यांदा ते वाचून हसले तर डोळ्यावरचं भिंग काढून काका म्हणाले, "हसू नको. एकटं प्रेम चार दिवसांत परत येतं, एकटं भय दोन दिवसांत. दोन्ही एकत्र असलं ना, की बायका पुस्तक परतच करत नाहीत." त्या शब्दाखाली कधी एक टिंब असायचं, कधी दोन. एक टिंब म्हणजे भूत खरं निघतं. दोन टिंबं म्हणजे शेवटी ते माणसाचं काम निघतं: कुणी काका, कुणी दिवाणजी, इस्टेटीसाठी पांढरं लुगडं नेसून फिरणारा. "गिऱ्हाइकांची भांडणं होतात," ते म्हणाले. "कुणाला खरं भूत लागतं, कुणाला खोटं. आधीच सांगून टाकलेलं बरं." मी दोन टिंबांचीच पुस्तकं न्यायची. दादांच्या घरात निदान तेवढी लाज राखावी, असा माझा हिशोब.

आता विचार करते तेव्हा वाटतं, वाचायला मला शाळेनं शिकवलं पण पुस्तकाशी बोलायला आत्यानं. 'अद्भुत'मधली पुस्तकं मी नेली तेव्हा ती अजिबात दबली नाही. सात समुद्रांपलीकडच्या बेटावर राक्षसाचा महाल आहे, महालात शंभर खोल्या आहेत, असं मी रंगात येऊन वाचत होते तर ती म्हणाली, "मंदे, शंभर खोल्या झाडतं कोन?" मी म्हटलं, आत्या, जादूचा महाल आहे. "जादूचा असला म्हनून काय झालं? राक्षस जेवतो का न्हाई? त्याची भांडी कुनीतरी घासत आसंलच की. त्या बाईचं काय लिवलंय ते वाच." काही लिहिलेलं नव्हतं. मग मी ती बाई तयार केली. राक्षसाच्या महालात राहणारी, पहाटे उठणारी, राजकन्येला मागच्या दाराची किल्ली देणारी. शाळेत ऐकलेल्या राजाराणीच्या गोष्टींनाही आम्ही सोडलं नाही. सावत्र आई वाईट का झाली, जंगलातली म्हातारी एकटी का राहते, तिला तिथं कुणी नेऊन सोडलं, असं आत्या विचारायची आणि मी उत्तर जुळवायची. माझी नात हल्ली मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते, ज्यांत जुन्या परीकथा चेटकिणीच्या बाजूनं सांगितलेल्या असतात. फार नवीन प्रकार आहे म्हणते. मी मान डोलावते.

त्या हंगामात एक जाड कादंबरी मिळाली. कव्हर नवंकोरं होतं, जुनं फाटलं म्हणून बदललेलं, आणि त्यावर 'भय व प्रेम' एवढंच लिहिलं होतं. काका दुकानात नव्हते, त्यांचा पुतण्या होता. त्याला टिंबांचं काही ठाऊक नव्हतं. मी नेली. समुद्राकाठची हवेली, नवीन आलेली मास्तरीण, अबोल देखणा मालक, आणि माडीवरच्या खोलीत कोंडलेली त्याची विधवा वहिनी. हवेलीतलं एक लेकरू दगावलं होतं आणि गडीमाणसं कुजबुजत होती की वहिनीनंच खाल्लं. मी तिसऱ्या प्रकरणाशीच पुस्तक मिटायला हवं होतं. पण आत्याचे हात थांबले होते. "फुडं वाच," ती म्हणाली. "त्या वरच्या बाईचं काय हुतंय ते बघू." पुढचे आठ दिवस तिनं मला दुसरं काही विचारलं नाही. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आत, "वरच्या बाईला जेवाय दिलं का कुनी?"

शेवटचं प्रकरण आलं. मोठ्यानं वाचताना माझे डोळे नेहमी दोन-चार ओळी पुढे धावायचे, ती सवय त्या दिवशी उपयोगी पडली. मास्तरीण जिना चढते, दार उघडते, आणि ... ती खरंच चेटकीण होती. लांब नखं, उलटी पावलं, सगळं. गावकरी मशाली घेऊन येतात, हवेली पेटते, ती आत जळते आणि मालक-मास्तरणीचं लग्न होतं. समोर आत्या पिठाचे हात मांडीवर ठेवून बसली होती, श्वास धरून. मी पुस्तकावरची नजर न काढता बोलत सुटले. मास्तरणीनं दार उघडलं, खिडकी उघडली, उजेड आत आला तर कोपऱ्यात एक साधी बाई बसली होती, तुमच्या-आमच्यासारखी. लेकरू तापानं गेलं होतं. डॉक्टरला वेळेवर बोलावलं नाही हे झाकायला घरच्यांनी तिच्यावर घातलं होतं. मास्तरणीनं तिचा हात धरून तिला सगळ्यांसमोर जिन्यानं खाली आणलं. मी थांबले. आत्या उठली, आधण ठेवलं, आणि शेंगोळ्या सोडता सोडता म्हणाली, "चांगलं केलं."

पुस्तक परत करायला दोन दिवस होते. मी ते दप्तरात तळाशी घातलं आणि घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून शाळेतही नेऊ लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यातलंच मधलं एक प्रकरण आत्याला पुन्हा वाचून दाखवत होते, कारण तिनं मागितलं होतं. भोंगा न होताच दारात सावली पडली. कारखान्यात नळी फुटून बॉयलर थंड पडला होता आणि अर्ध्या पाळीला सुट्टी दिली होती. दादा डबा हातात घेऊन उभे होते. मी वाचलेलं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. त्यात गडीमाणसं कुजबुजत होती, आणि तो शब्द होता.

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. कव्हर उलगडलं तर आतल्या मुखपृष्ठावर केस सोडलेली बाई दिवा घेऊन उभी. दादा ओरडणारे नव्हते. राग आला की त्यांचा आवाज बसायचा. "मंदा, हे तू हिला वाचून दाखवतीस? हिला?"

"पोरीला काय बोलू नको, किसना," आत्या म्हणाली. "म्याच वाचाय लावलं."

"आक्का, तुला कळतंय का यात काय लिहिलंय?"

"मला न कळाय काय झालं? धा दिस ऐकतीय. लई चांगला शेवट हाय त्याचा. बस जरा, तूच वाच. मला पुन्यांदा ऐकायचाय."

त्या क्षणी मला जमीन फाटावी असं वाटलं. हवेल्या, तळघरं, भुयारं सगळी वाचून झाली होती, पण खरी भीती ही अशी दुपारच्या उन्हात, तीन माणसांत, चुलीवर आमटी रटरटत असताना येते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, दादा, मी वाचते. दादा म्हणाले, "तू गप बस." ते खाली बसले, चष्मा लावला, शेवटचं प्रकरण काढलं. दादांचं वाचन म्हणजे वर्तमानपत्राचं. एकेक शब्दावर बोट ठेवून, सभेत ठराव वाचावा तसं. आणि खोटं वाचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. छापलेलं असेल ते वाचायचं.

ते वाचत गेले. मास्तरीण जिना चढली. दार उघडलं. दादा थांबले. त्यांचं बोट कागदावर तसंच राहिलं आणि मान वर होईना.

"वाच की," आत्या म्हणाली.

"आक्का, राहू दे."

"वाच म्हनते ना."

दादांनी वाचलं. तो शब्द वाचला, नखं वाचली, पावलं वाचली, मशाली वाचल्या. बाई जळाली, लग्न लागलं, समाप्त. त्यांनी चष्मा काढला तेव्हा डोळ्यांतलं पाणी लपवायचीही शुद्ध त्यांना नव्हती. मी भिंतीला चिकटून बसले होते. आत्यानं आमटीवरचं झाकण सरकवलं, चुलीतली लाकडं थोडी बाहेर ओढली, आणि आमच्याकडे वळून बसली.

"ज्यानं हे लिवलंय ना," ती म्हणाली, "त्यानं आशी बाई कदी बगितलीच न्हाई."

तिनं दादांच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं.

"मंदीचा शेवट बरा हुता."

माझ्या तोंडून कसंबसं आलं, "आत्या, तुला कळलं होतं?"

"तू पान उलटाया दर खेपेला बोटाला थुकी लावतीस. त्या दिशी येवढं बोललीस आन् पान एकदाबी उलटलं न्हाईस." ती हसली. मग दादांकडे बघून म्हणाली, "आन् तू रं? इतकी वरसं तो शब्द घरात काडू देत न्हाईस. आज येवढ्या मोठ्यानं वाचलास. काय झालं? म्या हितंच हाय."

दादांना हसू आलं की रडू, सांगता येणार नाही. खांदे हलत होते. माझ्या अंगातला ताण असा उतरला की मला एकदम सपाटून भूक लागल्याचं आठवतं. त्या दिवशी आत्यानं शेंगोळ्या वाढता वाढता पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ती पोराला साखरपाणी चमच्यानं पाजत होती, डॉक्टरकडे न्या म्हणत होती. कुणी नेलं नाही. "पोर गेल्यावर समद्यांत जास्त मी रडले," ती म्हणाली. "तर तेबी लोकांना वाईट दिसलं. न रडते तरी दिसलं आसतं." जावेबद्दल मात्र ती वेडंवाकडं बोलली नाही. "द्रुपदीचं लेकरू गेल्तं. तिला कुनावर तरी फोडायचं हुतं. मी हाताशी हुते."

जेवण झाल्यावर दादा उठले आणि फळीवरच्या डब्यामागून एक पत्रिका काढून आत्यापुढे ठेवली. द्रुपदीच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. याआधीही तिकडून निरोप आले होते, दादांनी ते कधी तिच्यापर्यंत पोचू दिले नव्हते. "तुला त्रास होईल म्हणून," ते म्हणाले. त्यांचं हे कबूल करणं मी पहिल्यांदाच पाहत होते. आत्यानं पत्रिकेवरून हात फिरवला, तिला त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं. "कवा हाय?" तिनं विचारलं. "जाऊ."

आईला जिनातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघं निघालो. श्रीरामपूरहून नगर, नगरहून जामखेड, तिथून खर्डा, आणि पुढे लग्नाच्याच एका बैलगाडीत. (नगरचं नाव आता बदललंय, माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) तिकडची जमीन आमच्याकडच्यासारखी हिरवी नाही. ऊस संपला, पाणी संपलं, नुसती पांढरी ढेकळं आणि बाभळी. खर्ड्याचा किल्ला दिसला तेव्हा मला तर खात्रीच पटली की आता काहीतरी घडणार. इतकी पुस्तकं वाचलेली मुलगी. मला वाटत होतं, आत्या मांडवात शिरेल तशी वाजंत्री थांबेल, एखादी म्हातारी किंचाळेल, कुणी आडवं येईल. मी आत्याचा पदर मुठीत धरला होता. दादांनी तोंड घट्ट मिटलं होतं.

काही झालं नाही. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, लग्न लागलं. काही बायांनी आत्याकडे पाहून माना फिरवल्या, एकदोघी पाया पडल्या. दीर येऊन "आलात व्हय वहिनी" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या आणायला पळाला. आम्ही मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसलो. तेवढ्यात एक तरणी बाई, हात पिठानं भरलेले, काखेत पाच-सहा महिन्यांचं बाळ, घाईघाईनं आमच्याकडे आली. द्रुपदीची थोरली सून. दोनच वर्षांपूर्वी या घरात आलेली, तिला मागचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. "मावशी, जरा धरता का हिला? पंगत बसायलीय, हात धुऊन येते," असं म्हणून तिनं उत्तराची वाट न बघता बाळ आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि गेली.

आत्या हलेना. तिचे दोन्ही हात हवेत, बाळाच्या दोन बाजूंना, लावू की नको असे. आजूबाजूच्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. दादा अर्धे उठले. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पत्रावळींचा गठ्ठा कमरेवर घेऊन, एक उंच वाळकी बाई आमच्याकडेच बघत होती. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती द्रुपदी होती. ती बायकांमधून वाट काढत आली आणि आत्यासमोर उभी राहिली. मी त्या वेळी काय काय कल्पिलं ते लिहीत नाही. द्रुपदीनं बाळाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग खाली वाकून तिनं बाळाच्या कपाळावर आलेली टोपी मागे सारली.

"मान धर तिची," ती म्हणाली. "लई वळवळी हाय."

आणि ती पत्रावळी वाढायला गेली. आत्याचे हात खाली आले. तिनं बाळाची मान धरली, त्याला खांद्याशी घेतलं, आणि बायकांचं बोलणं हळूहळू परत सुरू झालं. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. दोन जावा त्या दिवशी एकमेकींशी याहून जास्त काही बोलल्याही नाहीत. पण सून हात धुऊन आली तेव्हा बाळ झोपलं होतं आणि आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे, नीज मोडंल." पंगत उठेपर्यंत ते तिच्याच मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. येताना एस.टी.त आत्या सबंध वाट झोपली, तोंड उघडं टाकून, डोकं माझ्या खांद्यावर. दादा खिडकीतून बाहेर बघत होते आणि मध्येच विनाकारण मला म्हणाले, "काय गं, भूक लागली का?" मी नाही म्हटलं तरी त्यांनी पुढच्या स्टँडवर उतरून शेव आणली. चाळीच्या तोंडाशीच आई उभी होती. त्या दिवशी तिनं खाडा केला होता. दोन दिवस तिच्या जिवाला घोर लागलेला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं आत्याच्या हातातली पिशवी घेतली, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "वन्सं, कसं झालं?"

आत्यानं चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं, तोंडावरून ओला हात फिरवला.

"कसलं काय," ती म्हणाली, "भात कच्चा हुता. आन् वांग्यात मिठाचा पत्ता न्हाई. येवढ्या लांब बोलावलं, तर निदान जेवान तरी बरं करावं का न्हाई मानसानं?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग ती तशीच उंबऱ्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.